तरुण साक्षीदार आणि प्रौढांचे न्यायालय : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची एक चिकित्सा

गोषवारा

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने लीला बेणारे या व्यक्तिरेखेच्या व मध्यमवर्गीय दांभिकतेच्या अंगाने झालेली आहे. प्रस्तुत लेखात या नाटकातील तरुणांच्या सहभागाकडे लक्ष वेधले आहे. बाळू रोकडे व सामंत हे दोन तरुण साक्षीदार, पंधरा वर्षांची असतानाची बेणारे आणि रंगमंचावर कधीही न येणारे तिचे विद्यार्थी यांना या अभिरूप न्यायालयात कोणते स्थान मिळते, याचा येथे विचार केला आहे. न्यायसंस्थेत तरुणांना जागा देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या नाटकाचे फारसे न चर्चिले गेलेले आशयसूत्र आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अभिरूप न्यायालय, तरुणांचा सहभाग, साक्ष, बालहक्क, कायदेविषयक साक्षरता.

प्रस्तावना

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ या संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली लीला बेणारे मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला. पुढे अनेक भारतीय भाषांतून नाटकाचे प्रयोग झाले आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही त्याला स्थान मिळाले. साहजिकच त्यावर विपुल लेखन झाले आहे. स्त्रीचे एकाकीपण, समूहाची हिंस्रता, खेळाच्या आवरणाखाली होणारी शिकार आणि मध्यमवर्गीय नीतिकल्पनांचे ढोंग ही या लेखनाची प्रमुख सूत्रे होत. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि नाटकाच्या मूळ निमित्ताकडे या चर्चेत काहीसे दुर्लक्ष झालेले दिसते. हा खटला उभा राहतो तो एका तरुणाला न्यायालय कसे चालते हे समजावून सांगण्यासाठी. मुंबईहून आलेली हौशी मंडळी रात्री एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणार आहेत. अण्वस्त्रांच्या निर्मितीबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला, असा त्या प्रयोगाचा विषय आहे. लोकांना न्यायालयीन कामकाजाची ओळख करून देणे व सार्वजनिक प्रश्नांबाबत जागृती करणे हा मंडळींचा घोषित हेतू आहे. रावते हा सभासद आजारी असल्याने त्याच्या जागी साक्षीदार म्हणून गावातील सामंत या तरुणाला उभे करण्याचे ठरते. सामंताने न्यायालय कधी पाहिलेले नाही. त्याला सराव व्हावा म्हणून वेळ घालवण्यापुरता दुसरा एक खटला रचला जातो आणि त्यात बेणारेला आरोपी केले जाते.

आजच्या परिभाषेत याला तरुणांसाठी घेतलेला कायदेविषयक साक्षरतेचा कार्यक्रम म्हणता येईल. विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालये, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, विधी सेवा प्राधिकरणांचे उपक्रम यांच्याशी महाविद्यालयीन अध्यापकांचा निकटचा संबंध येतो. त्यामुळे या नाटकाने उभा केलेला प्रश्न त्यांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. न्यायालयाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या तरुणाच्या पदरात अखेर काय पडते, हाच तो प्रश्न आहे.

सामंताला मिळालेले शिक्षण

सामंत हा साधा, ऐकून घेणारा आणि आलेल्या पाहुण्यांबद्दल आदर बाळगणारा तरुण आहे. भाऊ, वहिनी व पुतण्या यांच्यासमवेत तो राहतो. शहरातील सुशिक्षित मंडळींकडून काही शिकायला मिळेल ही त्याची अपेक्षा निर्मळ आहे. न्यायालयाची बाह्य चिन्हे त्याच्यासमोर एकामागून एक मांडली जातात. न्यायाधीशाचे आसन, हातोडा, आरोपीचा पिंजरा, शपथ, उलटतपासणी यांतले काहीही वगळले जात नाही. धर्मग्रंथाच्या जागी इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून शपथ घेतली जाते. विधी तर पूर्ण होतो, त्यातील आशय मात्र नाहीसा झालेला असतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर सामंताला येथे जे शिकवले जाते ते बहुतांशी चुकीचे आहे. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवताना भारतीय दंड संहितेतील कलम ३०२ चा उच्चार केला जातो. हे कलम खुनाच्या शिक्षेचे होते. मातेच्या उदरातील अर्भकाचा मृत्यू घडवणे म्हणजे मनुष्यवध नव्हे, असे त्याच संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात नमूद होते आणि गर्भपातविषयक अपराधांसाठी ३१२ ते ३१६ ही स्वतंत्र कलमे होती. आरोप ठेवताना सुखात्मे हा वकील उपस्थित आहे, तरी ही विसंगती कोणाच्याही लक्षात येत नाही. बचावाचे वकील व्हायचे ते प्रा. दामले गैरहजर असल्यामुळे फिर्यादीचे व बचावाचे असे दोन्ही वकील सुखात्मेच होतो. काशीकर न्यायाधीशाचे आसन सोडून साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि साक्ष संपल्यावर पुन्हा निवाडा द्यायला बसतात. कर्णिक दुसऱ्याकडून ऐकलेली माहिती पुरावा म्हणून सांगतो. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे (कलम ६०) मूलभूत तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे.

हा सारा खेळच असल्याने कायद्याच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे अप्रस्तुत आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु खेळात काय गाळले गेले आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. आरोपीला धाक घालणारे सर्व घटक या खेळात जसेच्या तसे राहिले आहेत. आरोपीला संरक्षण देणारे स्वतंत्र वकील, निःपक्ष न्यायाधीश, ऐकीव पुराव्यास मनाई हे सर्व घटक तेवढे गळून पडले आहेत. ही निवड कोणी जाणीवपूर्वक केलेली नाही, म्हणूनच ती अधिक बोलकी आहे. या मंडळींच्या मनातील न्यायालयाची प्रतिमाच अशी आहे आणि तीच ते पुढच्या पिढीच्या स्वाधीन करीत आहेत.

सामंत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीही नसते. तो जवळच्या कादंबरीतील प्रसंगाचा आधार घेतो. आपण दामल्यांच्या खोलीवर गेलो असता आतून एका स्त्रीचा आर्जवी आवाज ऐकू आला, असे तो सांगतो. त्याचा हेतू केवळ खेळाला हातभार लावण्याचा आहे. परंतु ही साक्ष काल्पनिक असल्याचे माहीत असूनही तिच्यातून हाती लागलेला धागा मंडळी सोडत नाहीत. येथून खेळ खेळ राहत नाही. सामंताच्या भोळेपणातून निघालेले वाक्य प्रौढांच्या हातात शस्त्र होते. आपल्या शब्दाचे काय झाले हे त्याला कळते, परंतु ते परत घेण्याची वाट त्याला कोणी दाखवलेली नसते. साक्ष कशी द्यावी एवढेच त्याला शिकवले गेले. साक्ष नाकारता येते, दुरुस्त करता येते, प्रश्नालाच हरकत घेता येते, हे शिकवणे कोणालाही आवश्यक वाटले नाही.

रोकडे : आश्रिताची साक्ष

बाळू रोकडे याची स्थिती सामंताहून वेगळी आहे. काशीकर दांपत्याने त्याला आश्रय दिला, शिकवले. त्या उपकाराची जाणीव त्याला पदोपदी करून दिली जाते. अभिरूप न्यायालयातही त्याच्या वाट्याला हलकीसलकी कामे आणि बोलणी येतात. त्याच्या प्रत्येक शब्दावर काशीकरांची नजर असते.

त्याच्याकडून साक्ष काढली जाते ती दोन टप्प्यांत. एका संध्याकाळी दामल्यांच्या घरी बेणारे दिसली, एवढेच तो प्रथम चाचरत सांगतो. पुढे मिसेस काशीकर यांच्या बोलण्यातून दुसरा विषय निघतो आणि प्रयोगानंतरच्या अंधारात बेणारेने आपला हात धरल्याची व आपण तिला झिडकारल्याची हकीकत त्याच्या तोंडून बाहेर पडते. पहिल्या साक्षीत भीती आहे, तर दुसऱ्या साक्षीत एक प्रकारचा उत्साह आहे. एरवी ज्याला कोणी किंमत देत नाही अशा तरुणाला या क्षणी सर्वांचे लक्ष लाभते. दुर्बलाला दुसऱ्या दुर्बलाविरुद्ध बोलण्याची मुभा मिळाली म्हणजे त्याला ती प्रतिष्ठा वाटू लागते, हे तेंडुलकरांनी फार अचूकपणे टिपले आहे. रोकडे खलप्रवृत्तीचा नाही. स्वतःचे मत बाळगणे त्याला परवडत नाही, एवढेच.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. मुलांचा हेतुपुरस्सर वापर, केवळ शोभेपुरती उपस्थिती आणि नाममात्र प्रतिनिधित्व या तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. मुलांना विषय समजलेला असणे आणि त्यांच्या मताचा निर्णयावर परिणाम होणे ही त्यांच्या मते खऱ्या सहभागाची लक्षणे होत. ही मांडणी मुलांच्या संदर्भातील असली, तरी रोकडे व सामंत या तरुणांनाही ती लागू पडते. रोकडेचा सरळ वापर होतो. सामंत रिकामी जागा भरण्यासाठी येतो आणि नकळत वापरला जातो. दोघेही न्यायालयात उपस्थित आहेत, दोघेही बोलतात, दोघांच्या बोलण्याची नोंदही होते. तरीही निवाड्यात त्यांचा वाटा शून्य आहे.

न ऐकली गेलेली पंधरा वर्षांची मुलगी

नाटकातील सर्वांत महत्त्वाचा तरुण साक्षीदार रंगमंचावर वेगळ्या पात्राच्या रूपाने येत नाही. पंधराव्या वर्षी बेणारेचे सख्ख्या मामावर प्रेम बसले. प्रकरण उघड झाल्यावर मामाने पाठ फिरवली, आईही विरोधात उभी राहिली आणि त्या मुलीने जीव देण्याचा प्रयत्न केला. ही माहिती अभिरूप न्यायालयात कर्णिकामार्फत येते. ती मांडली जाते ती प्रौढ बेणारेचे चारित्र्य मुळातच सदोष होते हे सिद्ध करण्यासाठी. एका अल्पवयीन मुलीचा नात्यातील प्रौढ पुरुषाने घेतलेला गैरफायदा असा त्या घटनेचा विचार त्या खोलीतील एकाही व्यक्तीच्या मनात येत नाही. मामावर खटला चालवावा असे कोणी थट्टेतही सुचवत नाही.

त्या काळातील प्रत्यक्ष न्यायव्यवस्थाही याबाबतीत फार पुढे होती असे नाही. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता कमी करण्याची मुभा पुरावा कायद्याच्या कलम १५५ मधील चौथ्या खंडाने दिली होती. हा खंड २००२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. म्हणजे नाटक प्रथम रंगमंचावर आल्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे बेणारेच्या न्यायालयाची रीत देशाच्या कायद्यात शिल्लक होती. साक्ष देताना पीडितेला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था करावी, तसेच उलटतपासणीतील घटनेशी संबंधित प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देऊन त्यांनीच ते विचारावेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिले. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले. नातेवाइकाने केलेल्या अपराधास त्याने अधिक गंभीर स्थान दिले आणि कलम ३३ अन्वये बालकाला आक्रमक प्रश्न विचारण्यास व त्याचे चारित्र्यहनन करण्यास प्रतिबंध केला. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याबाबत सर्व उच्च न्यायालयांना निर्देश दिले. या तरतुदींच्या प्रकाशात नाटक पुन्हा वाचले असता कर्णिकाची साक्ष हा गुन्ह्याचा पुरावा ठरतो. मात्र त्यातील गुन्हेगार बेणारे राहत नाही.

बेणारेला स्वतःची बाजू मांडण्यासाठी काशीकर दहा सेकंद देतात. त्यानंतर येणारे तिचे प्रदीर्घ स्वगत हा मराठी नाट्यलेखनातील एक उच्चांक मानला जातो. त्याची रंगमंचीय योजना येथे विशेष लक्षणीय आहे. इतर सर्व पात्रे गोठून जातात. प्रेक्षक ते स्वगत ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. न्यायालयाच्या दप्तरी दहा सेकंदांची शांतता एवढेच नोंदले जाते. शीर्षकातील ‘शांतता’ या शब्दाला येथे वेगळाच अर्थ प्राप्त होतो. ही शांतता ऐकण्यासाठी पाळलेली नाही, ती आरोपीवर लादलेली आहे.

विद्यार्थ्यांच्या हिताचा दाखला

बेणारे शिक्षिका आहे, आणि तिच्या बोलण्यात मुलांविषयीची माया व आपल्या कामाविषयीचा अभिमान वारंवार व्यक्त होतो. शाळेतील मुलांवर तिचा वाईट परिणाम होईल, या कारणास्तव तिची नोकरी काढून घेण्याचा निर्णय नाटकाबाहेरच्या ‘खऱ्या’ जगात झालेला असतो. संस्थाचालक, न्यायाधीश, वकील, समाजसेवक हे सर्व प्रौढ विद्यार्थ्यांच्या वतीने बोलतात. त्या मुलांना मात्र कोणी काही विचारत नाही.

बालकाचे सर्वोत्तम हित आणि बालकाचा सहभाग ही दोन तत्त्वे आज सामान्यतः एकत्र उच्चारली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत हिताचे तत्त्व अनुच्छेद ३ मध्ये, तर स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा व न्यायालयीन कार्यवाहीत ऐकले जाण्याचा हक्क अनुच्छेद १२ मध्ये आहे. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये दोन्ही तत्त्वे समाविष्ट आहेत. त्याच अधिनियमाने बाल न्याय मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्यासमवेत दोन सामाजिक कार्यकर्त्यांची तरतूद केली असून प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर बालकाचा समजून-उमजून सहभाग राहील हे पाहणे मंडळाचे कर्तव्य ठरवले आहे. हित कशात आहे हे प्रौढांनी परस्पर ठरवले तर हिताचे तत्त्वच दडपणुकीचे साधन होऊ शकते. काशीकर हे समाजसेवक म्हणूनच मिरवतात, ही बाब या संदर्भात विसरता येत नाही. मंडळावर सामाजिक कार्यकर्ता आहे एवढ्याने बालकाचे म्हणणे ऐकले जाईलच, अशी खात्री हे नाटक वाचल्यावर देता येत नाही.

निवाड्यातील विसंगती सर्वपरिचित आहे. भ्रूणहत्येच्या आरोपावरून उभे राहिलेले न्यायालय अखेर बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावते. पुढच्या पिढीच्या नीतिमत्तेची चिंता वाहणारी व्यवस्था पुढच्या पिढीच्याच एका जीवाविरुद्ध निर्णय देते. रोकडे, सामंत, पंधरा वर्षांची मुलगी आणि विद्यार्थी यांच्या मालिकेतील हा शेवटचा, ज्याला वाचाच नाही असा पक्षकार आहे.

या सूत्राचा प्रतिध्वनी जवळजवळ अर्ध्या शतकानंतर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटात ऐकू येतो. तेथील न्यायालय खरे आहे आणि आरोपी वयोवृद्ध शाहीर आहे. तरी आरंभी हा शाहीर मुलांना शिकवताना दिसतो आणि शेवटी सुटीवर गेलेले न्यायाधीश आपली झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी एकाला थप्पड मारतात. या दोन टोकांच्या मध्ये चालणाऱ्या न्यायालयीन कामकाजात मुलांना जागा नाही. खेळातले न्यायालय आणि खरे न्यायालय यांत जे साम्य उरते, ते मन विषण्ण करणारे आहे.

हिरवा पोपट

नाटकाच्या अखेरीस खटला संपतो आणि मंडळी क्षणार्धात पूर्ववत होतात. हा केवळ खेळ होता, मनावर घेऊ नये, असे बेणारेला सांगून ती रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंत मात्र त्यांच्यात सहजपणे मिसळू शकत नाही. पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट तो निश्चल पडलेल्या बेणारेजवळ हलकेच ठेवतो.

या कृतीचा अर्थ केवळ सहानुभूतीपुरता मर्यादित करणे योग्य ठरणार नाही. सामंताने दिलेली ही दुसरी साक्ष आहे. पहिली साक्ष पुस्तकातून घेतलेली, शपथेवर दिलेली आणि खोटी होती. दुसरी निःशब्द, शपथेविना आणि खरी आहे. परंतु ती ऐकायला न्यायालय जागेवर नाही. त्या तरुणाची न्यायबुद्धी शाबूत असल्याचा दिलासा या प्रसंगातून मिळतो. त्याचबरोबर तिला व्यक्त होण्यासाठी न्यायालयाच्या परिभाषेत एकही शब्द उपलब्ध नव्हता, ही शोकात्म जाणीवही होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक स्त्रीच्या छळाइतकेच तरुणांच्या न्यायविषयक शिक्षणाचेही नाटक आहे. दोन, या नाटकातील तरुणांना न्यायालयात प्रवेश मिळतो, परंतु प्रश्न विचारण्याचा, नकार देण्याचा व आपले म्हणणे दुरुस्त करण्याचा अधिकार मिळत नाही. या अधिकारांवाचून असलेला सहभाग अन्यायाला साहाय्यभूत ठरतो. तीन, १९६७ नंतर कायद्यात झालेले बदल महत्त्वाचे आहेत. तथापि नाटकाने दाखवलेला दोष केवळ कलमांतील नसून प्रौढांच्या ऐकण्याच्या सवयीतील आहे.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी विधी अभ्यासक्रमात अभिरूप न्यायालयाचा सराव अनिवार्य केला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या विधी स्वयंसेवक योजनेत विद्यार्थ्यांनाही स्थान मिळाले. महाविद्यालयांतून होणाऱ्या अशा उपक्रमांचे मोल मोठे आहे. मात्र त्यांची यशस्विता सहभागी विद्यार्थ्यांच्या संख्येवर किंवा वक्तृत्वाच्या गुणांवर मोजून भागणार नाही. आरोपीच्या बाजूने उभे राहण्याची संधी किती विद्यार्थ्यांना मिळाली, अयोग्य प्रश्नाला हरकत घेण्यास कितीजण शिकले, न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या प्राध्यापकाचा निर्णय चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्यात आले काय, हे निकष अधिक अर्थपूर्ण ठरतील. सामंतासारखा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याची दुसरी साक्ष न्यायालय उठण्यापूर्वी नोंदली जावी, एवढी जबाबदारी त्याला शिकवणाऱ्यांवर येते.